सतराव्या वर्षी टूर कार्ड: वेल्समधल्या एका स्नूकरपटूची पहिली काही वर्षं

साउथ वेल्समधल्या एका पोराचं हे प्रकरण आहे. त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने लिहितोय, गाव, वर्षं आणि ओळखू येतील अशा एकदोन गोष्टी बदलल्यात किंवा गाळल्यात. पोराला इथे नुसतं 'जी' म्हणतो. मी मूळचा सांगलीचा, न्यूपोर्टला बरीच वर्षं अकाउंट्सचं काम करतोय, जीचे वडील आणि मी क्लबच्या गुरुवारच्या लीगमध्ये एकाच टीममध्ये आहोत, आणि पोरगं सोळा वर्षांचं झालं तेव्हापासून त्यांच्या घरचा स्नूकरचा हिशोब माझ्याकडे आहे. म्हणजे निर्णय माझे नव्हते, पण प्रत्येक निर्णयाच्या वेळी मी त्यांच्या किचनमधल्या टेबलाशी बसलेलो होतो, आणि एकदोनदा मी बोलायला हवं होतं तेव्हा बोललो नाही, ते पण पुढे येईलच.

पार्श्वभूमी

ग्वेंटची खोरी म्हणजे एकेकाळी नुसत्या कोळशाच्या खाणी. गावोगावी खाणकामगारांच्या वर्गणीतून बांधलेले हॉल, तिथे वाचनालय, बार आणि मागच्या खोलीत स्नूकरची टेबलं. रे रीअर्डन हा इथला, ट्रेडेगरचा, सहा वेळा वर्ल्ड चॅम्पियन. तरुणपणी खाणीत काम करायचा आणि हात खराब होऊ नयेत म्हणून पांढरे हातमोजे घालायचा, एकदा छत कोसळून काही तास ढिगाऱ्याखाली अडकला होता, ही गोष्ट इथल्या म्हाताऱ्यांकडून अजून ऐकायला मिळते. एब व्हेलजवळच्या कुम गावचा मार्क विल्यम्स, त्याचे वडीलही खाणीतले, तो २०००, २००३ आणि २०१८ असा तीनदा वर्ल्ड चॅम्पियन आणि २०२५ मध्ये वयाच्या पन्नाशीत पुन्हा फायनलला. पश्चिमेकडे लानेलीचा टेरी ग्रिफिथ्स. आता खाणी गेल्या, एब व्हेलचा स्टीलचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला, बरेच हॉलही बंद पडले. पण जिथे टेबल उरलंय तिथे संध्याकाळी कोणीतरी पोरगं क्यू (खेळायची काठी) घेऊन उभं असतंच.

जी हा अशाच एका क्लबमधला. त्याचे आजोबा (इकडे आजोबांना बॅम्पी म्हणतात) ८४-८५ च्या संपानंतर खाण बंद झाली तेव्हा घरी बसलेले, त्यांनी नातवाला सातव्या वर्षी क्लबात नेलं आणि लिंबूपाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर उभं केलं. बाराव्या वर्षी पहिला शतकी ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत सलग शंभर किंवा जास्त पॉइंट. वडील डिलिव्हरी व्हॅन चालवतात, आई शाळेच्या किचनमध्ये, एक धाकटी बहीण. पैशाची तंगी म्हणावी अशी नाही, पण जास्तीचं काही नाही.

त्याच्या खेळाबद्दल दोन शब्द सांगतो कारण पुढचं सगळं त्यावर आहे. लांबचे पॉट, म्हणजे लांबून बॉल पॉकेटात घालणं. बॉकलाइनच्या (टेबलाच्या एका टोकाशी आखलेल्या रेषेच्या) मागे व्हाइट, म्हणजे क्यूने मारायचा पांढरा बॉल, कुशनला (टेबलाच्या कडेला) चिकटलेला असेल तरी हा दुसऱ्या टोकाच्या पॉकेटात रेड, म्हणजे लाल बॉल, घालायचा आणि ते बघायला लोक हातातला ग्लास खाली ठेवायचे. सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा शॉट मिळू नये असं खेळणं, मात्र त्याला कधी फारशी लागलीच नाही. क्लबच्या टेबलाचं कापड जाडसर आणि जुनं, बॉल हळू पळतो, आणि पॉकेटच्या कडा वर्षानुवर्षं बॉल लागून लागून गोल झालेल्या. जरा इकडेतिकडे लागला तरी बॉल आत. त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षी तो सगळ्यांना हरवत होता, आणि त्या हरवण्यात टेबलाचा हात किती हे आमच्यापैकी कोणी मोजलं नाही.

पहिला निर्णय, शाळा

वेल्समध्ये सोळाव्या वर्षी शाळा सोडता येते. इंग्लंडमध्ये अठरापर्यंत काहीतरी शिक्षण किंवा ट्रेनिंग चालू ठेवावं लागतं, इकडे तसं नाही. जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) झाली आणि घरात वाद सुरू झाला. आईचं म्हणणं इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप घे, आपल्याकडच्या आयटीआयसारखं, कामही शिकशील आणि पगारही मिळेल. वडिलांचं म्हणणं पूर्णवेळ स्नूकर. शेवटी ठरलं की एक वर्ष फक्त स्नूकर, मग बघू.

हे वर्ष खरंच सुंदर गेलं. ज्युनियरच्या स्पर्धा, वेल्समधल्या सीनियर स्पर्धा, क्यू टूर (हे प्रोच्या, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या खालचं सर्किट, २०२१ पासून सुरू झालंय), वीकेंडच्या प्रो-अॅम (प्रो आणि अॅमेचर दोघांना खुल्या स्पर्धा). वडिलांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, डाव्या पानावर पेट्रोल, खाणं, राहणं, एंट्री फी, उजव्या पानावर स्कोअर. त्या वर्षीची उजवी पानं मी नंतर मोजली, ११२ मॅच. सतरा वर्षाच्या पोराने एका वर्षात ११२ मॅच खेळल्या आणि त्यातल्या दोन तृतीयांशपेक्षा जास्त जिंकल्या. हा आकडा लक्षात ठेवा.

मुख्य प्रश्न

मार्चमध्ये क्यू स्कूलचा फॉर्म आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्रोफेशनल टूरवर साधारण १२८ जण, खेळायला कार्ड लागतं, नवीन माणसाला ते दोन वर्षांचं मिळतं. ते मिळवायचा एक रस्ता म्हणजे काही अॅमेचर किताब जिंकणं आणि दुसरा हे क्यू स्कूल, जिथे दीडशे-दोनशे जण येतात, बेस्ट ऑफ सेव्हनच्या छोट्या मॅच (चार फ्रेम, म्हणजे चार डाव, आधी जिंकेल तो जिंकला), आणि एका इव्हेंटमधून फक्त चौघांना कार्ड.

आत गेल्यावर काय होतं हे जास्त महत्त्वाचं आहे. रँकिंग म्हणजे दोन वर्षांत जिंकलेली बक्षिसाची रक्कम, बाकी काही नाही. नवीन पोरगा शून्यावर सुरू करतो. दोन वर्षांनी पहिल्या ६४ मध्ये असलात तर राहिलात, नाहीतर थोड्याफार अपवादांनी बाहेर. २०१३-१४ च्या सुमारास बऱ्याच स्पर्धांचा ड्रॉ सपाट झाला, म्हणजे १२८ जण पहिल्या फेरीपासून एकदम, त्यामुळे नवख्याची गाठ पहिल्याच मॅचला टॉप १६ मधल्या कोणाशी पडू शकते, आणि पहिल्या फेरीत हरलात की बहुतेक ठिकाणी हातात काही नाही. अलीकडे काही स्पर्धांत टप्प्याटप्प्याचा ड्रॉ परत आलाय, पण या पोराच्या वेळी तोंड वाघाच्या गुहेकडेच होतं. आणखी एक गोष्ट, जी आम्हाला कळायला फार उशीर झाला: एकदा प्रो झालात की क्यू टूर, ज्युनियर, अॅमेचर चॅम्पियनशिप सगळं बंद. ज्या ११२ मॅचनी त्याला घडवलं त्यातल्या बहुतेक मॅच आता त्याला खेळताच येणार नव्हत्या.

तर प्रश्न असा होता की सतराव्या वर्षी फॉर्म भरायचा का.

काय काय पर्याय होते

वडील म्हणाले भरूया, मार्क विल्यम्स सतराव्या वर्षीच प्रो झाला ना १९९२ मध्ये. आमच्या खोऱ्यात या वाक्यापुढे कोणी बोलत नाही. त्यात लियाम डेव्हिसचं उदाहरण ताजं होतं, ट्रेडेगरचाच पोरगा, २०२२ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या पात्रता फेरीत आरन हिलला ६-४ ने हरवलं. एब व्हेलच्या जॅक्सन पेजनेही २०१७ च्या वेल्श ओपनमध्ये पंधराव्या वर्षी मॅच जिंकल्या होत्या. वय हे कारण होऊच शकत नाही असं वडिलांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं.

आई म्हणाली अप्रेंटिसशिप घे आणि वीकेंडला क्यू टूर खेळ, कार्ड दोनतीन वर्षांनी. बॅम्पी तिच्या बाजूने होते. त्यांनी टेरी ग्रिफिथ्सची गोष्ट काढली, पोस्टमन, बस कंडक्टर, इन्शुरन्सची कामं करून माणूस तिशीत प्रो झाला आणि १९७९ मध्ये पहिल्याच सीझनला डेनिस टेलरला २४-१६ ने हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला. रीअर्डन तर पस्तिशीत प्रो झाला. वडील म्हणाले तो काळ वेगळा होता, आणि तेही खरंच.

तिसरा पर्याय मधला होता. आणखी एक वर्ष अॅमेचर, पण महिन्यातले काही दिवस टूरसारख्या टाइट, म्हणजे अरुंद पॉकेटच्या टेबलावर प्रॅक्टिस, आणि सेफ्टीसाठी कोच. हा पर्याय क्लबमधल्या एका जुन्या खेळाडूने सुचवला, सगळ्यांनी माना हलवल्या, आणि त्याचं कागदावर कोणी काही मांडलं नाही. मला मांडता आलं असतं. मी फक्त क्यू स्कूलचा खर्च मांडून दिला कारण तेवढंच विचारलं होतं.

शेवटी जे ठरलं ते या चार शब्दांत ठरलं: "अनुभव म्हणून भरून टाकू."

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची जागा ही आहे. अनुभव म्हणून भरतोय म्हटलं की आईचाही विरोध मावळला, वडिलांचंही झालं, भांडण मिटलं, आणि पोरगं जिंकलं तर काय हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण ते जिंकेल असं मनापासून कोणालाच वाटत नव्हतं, म्हणजे वडिलांना स्वप्न म्हणून वाटत होतं पण हिशोब म्हणून नाही.

ते जिंकलं.

शेवटच्या मॅचला आई शाळेच्या किचनमध्ये होती, दोनशे पोरांची ताटं वाढून झाली होती, भांडी घासायच्या सिंकशेजारी फोन उभा करून ती लाइव्ह स्कोअरचा आकडा बदलायची वाट बघत होती. ४-२ झालं आणि तिने मला फोन केला, मला का तर वडिलांचा लागत नव्हता. खूप रडली. मग नाक ओढत एकदम म्हणाली, "आता अप्रेंटिसशिपवाल्यांना काय सांगू? त्यांनी सप्टेंबरची जागा धरून ठेवलीये."

पहिला सीझन

पैशाचं आधी. २०२२-२३ पासून वर्ल्ड स्नूकर टूरने कार्डधारकांना सीझनला किमान २०,००० पाउंडची हमी दिली. ऐकायला चांगलं वाटतं, आणि आधीपेक्षा चांगलं आहेच, पण ही रक्कम बक्षिसाच्या वर नाही, बक्षीस त्यातूनच वळतं होतं. त्यातून प्रवास, हॉटेल, प्रॅक्टिस, कोच, टॅक्स, सगळं स्वतःचं, कारण प्रो खेळाडू म्हणजे स्वतःचा धंदा करणारा माणूस. मी त्यांना पहिल्याच महिन्यात वेगळं खातं उघडायला लावलं आणि टॅक्सचा भाग बाजूला काढायला लावला, एवढं एक काम मी नीट केलं.

खेळाचं असं की पहिल्या सहा मॅच सहाही हरला. त्यातल्या दोन नावाजलेल्या लोकांशी, ज्यांना तो लहानपणापासून टीव्हीवर बघत आलेला. पण मला जास्त टोचली ती तिसरी मॅच, त्याच्यासारख्याच खालच्या नंबरच्या माणसाशी, प्रेक्षक नाहीत, मागच्या बाजूचं टेबल, मी आणि वडील खुर्च्यांवर. २-२ स्कोअर. जीला लांबचा रेड मिळाला, त्याचा आवडता, डाव्या कोपऱ्यातला. क्लबात त्याने हा हजार वेळा घातलेला. बॉल पॉकेटच्या तोंडाशी दोनदा खडखडला आणि बाहेर येऊन थांबला. त्याने मान वर करून पॉकेटकडे बघितलं, रागाने नाही, दार बंद असेल तर आपण बघतो ना तसं. समोरच्याने त्याच रेडवरून ६० चा ब्रेक केला. पुढच्या फ्रेममध्ये तसाच लांबचा रेड आला तेव्हा जीने तो घेतला नाही, सेफ्टी खेळला, आणि सेफ्टी त्याला येतच नव्हती.

टूरवरचं टेबल वेगळंच असतं. कापड पातळ, टेबल खालून गरम केलेलं, त्यामुळे बॉल लोण्यावरून गेल्यासारखा पळतो, कुशनवरून जास्त उसळतो, आणि पॉकेटची तोंडं अरुंद. क्लबच्या टेबलावर दिवसाला सहा तास खेळून तो रोज स्वतःला चुकीची सवय लावत होता. हे सगळ्यांना दिसत होतं तरी शेफिल्डला जायचं की नाही हे ठरेना. शेफिल्डमध्ये चांगल्या अॅकॅडमी आहेत, बरेच प्रो तिथेच राहतात. पण बॅम्पी आजारी होते, आणि हमीच्या पैशात तिथलं भाडं आणि प्रवास दोन्ही बसत नव्हतं. म्हणून राहिला घरीच. मॅचला जायचं म्हणजे अॅबरगव्हेनी, मॉनमथ, मग एम-५० करत साडेतीन-चार तास, एका मॅचसाठी, हरलं की त्याच रात्री परत, कारण दुसऱ्या दिवशी वडिलांची व्हॅन.

नोव्हेंबरमध्ये दुसरी चूक झाली. एका कोचने बघून सांगितलं की शॉट मारताना तुझी हनुवटी क्यूवरून उचलली जाते आणि उभं राहण्यातच गडबड आहे, मुळापासून बदलावं लागेल. निदान बरोबरच होतं, मला आजही तसंच वाटतं. पण सीझन अर्ध्यात असताना, आठवड्यावर मॅच आलेली असताना पायाची जागा बदलली की माणूस ना जुना राहतो ना नवा होतो. पुढचे दीड महिना तो टेबलाशी वाकायचा आणि वाकल्यावर विचार करायचा. असले बदल मे-जूनमध्ये करायचे असतात. कोचला घाई नव्हती, तो म्हणाला होता तुम्ही ठरवा. घाई आम्हाला होती, कारण हरत असताना काहीतरी करतोय असं वाटायला हवं होतं.

सीझन संपल्यावर मी वही मागितली आणि उजवी पानं मोजली. १९ मॅच. वर्षभरात एकोणीस. ५ जिंकल्या.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी समजत होतो तो हरतोय. तो खेळतच नाहीये."

इथे मार्क विल्यम्सचं उदाहरण परत तपासायला हवं होतं. १९९१ ला प्रो खेळ सगळ्यांसाठी खुला झाला होता, शेकडो लोक घुसले, आणि १९९२ च्या उन्हाळ्यात ब्लॅकपूलच्या नॉर्ब्रेक कॅसल हॉटेलात आठवडेच्या आठवडे पात्रता फेऱ्या चालल्या. पुढे वर्ल्ड चॅम्पियन झालेला रॉनी ओसुलिव्हन तेव्हा नवखा, त्याने पहिल्या ७६ पैकी ७४ मॅच जिंकल्या. विल्यम्स, जॉन हिगिन्स हे त्याच पिकातले. म्हणजे सतरा वर्षाच्या पोराला प्रो झाल्या झाल्या मॅचमागून मॅच मिळत होती, आणि बऱ्याचशा आपल्या वकुबाच्या माणसांशी. एवढं होऊनही विल्यम्सला पहिला रँकिंग किताब मिळायला १९९६ चा वेल्श ओपन उजाडला. आम्ही त्याचं वय घेतलं, त्याच्या मॅच घेतल्या नाहीत.

दुसरा सीझन

दुसऱ्या वर्षी शहाणपणा आला पण थोडा. उन्हाळ्यात स्टान्स (टेबलाशी उभं राहायची पद्धत) पक्का केला. प्रोला चालतील अशा सगळ्या प्रो-अॅम भरल्या, मॅच वाढाव्यात म्हणून. सप्टेंबरपासून तीन महिने शेफिल्डला, दोन पोरांबरोबर एका खोलीत. टेबल उत्तम, समोर खेळायला रोज प्रो, सेफ्टी पहिल्यांदा सुधारली. पण अठरा वर्षाचं पोरगं, घर सोडून कधी राहिलेलं नाही, सकाळी दहा ते सहा काळोख्या हॉलमध्ये आणि मग खोलीवर फोन बघत. बॅम्पी ऑक्टोबरमध्ये गेले. तो मॅचच्या तयारीत होता म्हणून घरच्यांनी त्यांची तब्येत किती खालावलीये हे त्याला दोन दिवस उशिरा सांगितलं. हा निर्णय आईवडिलांनी प्रेमापोटीच घेतला, पण त्याने तो त्यांना अजून पूर्ण माफ केलेला नाही, आणि मला वाटतं त्याचं बरोबर आहे. ती मॅच तो हरलाच.

त्या वर्षी एकदा परदेशातल्या स्पर्धेसाठी पात्र ठरला, सलग दोन मॅच जिंकून. क्लबात टाळ्या. दुसऱ्या दिवशी विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल यांचा आकडा काढला तेव्हा कळलं की तिथे एक मॅच जिंकला नाही तर मिळालेले पैसे जाण्यायेण्यातच जाणार. तसंच झालं. तरी मी म्हणेन गेला ते बरं झालं, मोठ्या टेबलावर, मोठ्या हॉलमध्ये ३-४ हरला, आणि त्या मॅचमध्ये त्याने जे दोन सेफ्टीचे शॉट खेळले ते पहिल्या वर्षी त्याच्या हातून झालेच नसते.

दोन वर्षांच्या शेवटी ६४ च्या खूप बाहेर. कार्ड गेलं. परत क्यू स्कूल, आणि तिथे कार्डच्या एक मॅच अलीकडे ३-४.

निकाल

एकोणिसाव्या वर्षी तो आईने सांगितलेल्याच कामाला लागला, इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप. आठवड्यातून चार दिवस साइटवर, एक दिवस कॉलेज, संध्याकाळी टेबल, वीकेंडला क्यू टूर. पहिले तीनचार महिने त्याने क्यू हातात घेतला नाही, आणि घरात कोणी विषय काढला नाही. मग एका गुरुवारी आमच्या टीमला एक माणूस कमी पडला तेव्हा आला, उभा राहिला आणि ८४ चा ब्रेक केला.

गेल्या वर्षीची उजवी पानं ६७ मॅचची आहेत, जिंकण्याचं प्रमाण परत निम्म्याच्या वर. त्याची सेफ्टी आता अॅमेचर सर्किटवर लोकांना त्रास देते. क्लबने वर्गणी काढून मागच्या टेबलाचं कापड बदललं आणि पॉकेट टाइट करून घेतली, त्यावरून म्हातारी मंडळी खूप चिडली कारण त्यांचे पॉट जाईनात. आता ती पण त्याच टेबलावर खेळतात.

वेगळं काय करता आलं असतं

आईवडिलांशी आणि जीशी मी यावर तीनचार वेळा बसून बोललोय. आमचं सगळ्यांचं एकमत नाही. वडिलांना अजून वाटतं की कार्ड घेणं चूक नव्हती, तयारी अपुरी होती. आईला वाटतं एक वर्ष थांबलो असतो तर बॅम्पींच्या वेळी पोरगं घरी असतं. जीला स्वतःला कसलाच पश्चात्ताप नाही, तो म्हणतो मी त्या हॉलमध्ये त्या लोकांशी खेळलोय, ते माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

माझं म्हणणं असं आहे. पोरगं पुरेसं चांगलं आहे का हा प्रश्न आम्ही शंभर वेळा विचारला, आणि त्याचं उत्तर हो असंच होतं, क्यू स्कूलनेच ते सिद्ध केलं. विचारायचा प्रश्न दुसरा होता: पुढच्या वर्षी हा किती मॅच खेळेल, आणि त्यातल्या किती त्याच्या जवळपासच्या माणसांशी असतील? मार्चमध्ये हे विचारलं असतं तर अर्ध्या तासात उत्तर निघालं असतं, स्पर्धांचं कॅलेंडर सगळ्यांना उपलब्ध असतं. ते उत्तर कदाचित वीस असतं. मग ठरवता आलं असतं की ठीक आहे, वीस तर वीस, पण उरलेल्या दिवसांसाठी महिन्यातून आठवडाभर शेफिल्ड, सगळ्या प्रो-अॅम, आणि स्टान्सचं काम आधीच्या उन्हाळ्यात. पैसा तेवढाच लागला असता. मी हिशोब बघितलाय, पहिल्या सीझनमध्ये एका मॅचसाठी जाऊन येण्यात जे पेट्रोल जळलं त्यात बरेच आठवडे निघाले असते.

दुसरं, आईने धरून ठेवलेली ती सप्टेंबरची जागा. अप्रेंटिसशिपवाल्यांशी बोलून ती वर्षभर पुढे ढकलता येते का हे कोणी विचारलंच नाही, सरळ नाही कळवलं. दोन वर्षांनी त्याच ठिकाणी गेल्यावर तिथल्या बाईंनी सांगितलं, तेव्हा विचारलं असतंत तर ठेवली असती.

आणि मायकल व्हाइटची गोष्ट मला राहून राहून आठवते. नीथचा हा खेळाडू, नवव्या वर्षी स्पर्धेच्या मॅचमध्ये शतकी ब्रेक करून गिनीजमध्ये गेलेला, त्याच्याकडून सगळ्या वेल्सने लगेच सगळं मागितलं. त्याचा पहिला रँकिंग किताब आला तो २०१५ मध्ये, तेविसाव्या वर्षी, आणि आला आपल्या मुंबईत, इंडियन ओपनमध्ये, रिकी वॉल्डनला फायनलमध्ये ५-० ने हरवून. शतकापासून किताबापर्यंत चौदा वर्षं. मी हे जीच्या वडिलांना पहिल्या सीझनच्या आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, कारण त्या आठवड्यात घरात सगळे इतके खूश होते.

सध्या

यंदाचा क्यू स्कूलचा फॉर्म आलाय. त्यांच्या फ्रिजवर जीने स्वतःच्या हाताने लिहिलेला एक कागद चुंबकाने लावलाय. वर लिहिलंय 'जिंकलो तर', आणि खाली: राहायचं कुठे, मॅच किती, कामावर कोणाला सांगायचं, सुट्टी बिनपगारी मिळेल का. पहिल्या दोन ओळींपुढे उत्तरं लिहिलीत, तिसरीपुढे त्याच्या सुपरवायझरचं नाव, चौथी अजून रिकामी आहे. आईने मला दाखवलं आणि म्हणाली, चौथी भरल्याशिवाय मी त्याला फॉर्म भरू देणार नाही, आणि या वेळी तोच मला तसं म्हणालाय.

फॉर्मची मुदत संपायला अकरा दिवस आहेत. सोमवारी तो सुपरवायझरशी बोलणार आहे.